चार, सहा, तीन प्रश्नचिन्हं

तळ्याच्या वाडीत काट्यावर भरलेली किटली होती आणि पडद्यावर वजन नव्हतं.

*

रंगनाथ नेहे यांनी चहात बिस्कीट बुडवलं. ते बुडालं.

*

"झालं का?" एकाने फोनवर विचारलं.
"झालं वाटतंय," पलीकडून उत्तर आलं.
विचारणाऱ्याच्या मागे पोह्यांच्या बशा वाजत होत्या आणि कुणीतरी उगाचच मोठ्याने हसत होतं.

*

फळ्यावर खडूने लिहिलं होतं: श्री. त्याखाली: मशीन बंद हाय. तरी दूध घेऊन या.

*

संगमनेरात एका मुलीला सांगितलं गेलं, "तुमचा पासवर्ड बंद केलाय. बाहेर बाकावर बसा."

*

????

*

यातली एकही गोष्ट रंगनाथमामांना तेव्हा माहीत नव्हती. बिस्किटाची तेवढी होती.

ते चमच्याने बिस्कीट बाहेर काढत असताना जिन्यावर पावलं वाजली आणि आढळामाई दूध संघाचे अध्यक्ष आबासाहेब कडलग दारात आले. धाप लागली होती, आणि धापेपेक्षा राग जास्त होता.

"वर्पे मॅडम कोण?" त्यांनी मामांकडे पाहून विचारलं.

"मी नव्हे," मामा म्हणाले.

खिडकीजवळ बसलेली संस्कृती वर्पे उठली आणि तिने खुर्ची पुढे केली. संगमनेर स्टँडसमोरच्या या खोलीत ती खासगी तपासाचा व्यवसाय करत असे. मामा तिचे सख्खे. आयुष्यभर एसटीच्या कंट्रोल रूममधून गाड्या पुकारल्या, निवृत्त झाले आणि भाचीच्या व्हॅनचं स्टिअरिंग हाती घेतलं. तपासात आपला उपयोग काय, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. पण भाची विचार करत असताना समोर बसून तिच्याकडे पाहत राहणं, यासारखं दुसरं सुख नाही असं त्यांचं पक्कं मत होतं.

"काल आम्ही सगळ्या केंद्रांवर नवं सॉफ्टवेअर टाकलं," आबासाहेब म्हणाले. "धारोष्ण नाव त्याचं. किटली काट्यावर ठेवा, वजन, फॅट, पावती, सगळं आपोआप. आज सकाळी मशीन चालू केल्या, तर डोंगराकडची पाच केंद्रं आंधळी! काटा दिसेना, प्रिंटर दिसेना. खालच्या गावांत मात्र झकास चाललंय."

"डोंगराकडे केंद्रं किती आहेत?"

"सहा."

"मग सहावं?"

"इथंच तर मेख आहे!" आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "सहावं निकिता मंडलिकचं. आणि हे सॉफ्टवेअर जिनं लिहिलं ती धनश्री आवारी, तिची वर्गमैत्रीण. मैत्रिणीचं तेवढं वाचवलं, बाकीच्यांचं मारलं."

"मारायचं कारण?"

"राग. गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये म्हणाली, अजून थांबा. मी म्हटलं, थांबणार नाही. तर सगळ्या संचालकांसमोर काय म्हणावं पोरीनं? 'या घाईवर माझं प्रश्नचिन्ह आहे.' आता हे बघा."

त्यांनी मोबाईल पुढे केला. बंद पडलेल्या मशीनच्या पडद्यांचे पाच फोटो होते. चार फोटोंत एका चौकटीत हे दिसत होतं:

????

त्यापुढे अर्धविराम, आणि धारोष्ण ज्या फोल्डरमध्ये बसलं होतं त्याचा पत्ता. बस्स. पाचवा फोटो बोरवंडच्या केंद्राचा होता. त्यात जरा जास्त होतं:

???? ?????? ???

"सही करून ठेवलीय तिनं," आबासाहेब म्हणाले. "सकाळचं दूध अंदाजानं घेतलं. संध्याकाळी टँकर मशीनच्या पावतीशिवाय थेंब उचलणार नाही. तोवर तुम्ही पुरावा द्या. दिलात तर पुराव्यासकट, नाहीतर त्याच्याशिवाय, संध्याकाळी पोलिसांत तक्रार जाणार आणि पोरगी घरी."

संस्कृती फोटोंकडे पाहत राहिली. मग तिने विचारलं, "पाचव्या फोटोत मधे जागा कुणी सोडली असेल?"

"आँ?"

"काही नाही. चला मामा."

*

जिना उतरताना मामांनी विचारलं, "ती चौकट कसली गं?"

"पाथ. मामींनी साखर आणायला सांगितली तर तुम्ही कुठे जाता?"

"कोपऱ्यावर. तिथं नसली तर नेहरू चौकात. तिथंही नसली तर बाजार समितीजवळ."

"ही दुकानांची यादी तुमच्या डोक्यात आहे. मशीनच्याही असते. एखादं काम नावाने सांगितलं की ती यादीतल्या पत्त्यांवर एकेक करून शोधत जाते. तिला म्हणतात पाथ. ती पुसली तर साखर दुकानात असते, मशीन मात्र दारात पिशवी घेऊन उभी."

"म्हणजे काटा शाबूत आहे, प्रिंटर शाबूत आहे..."

"फक्त वाट विसरलीय."

मामांना पूर्ण कळलं होतं. असं फार वेळा होत नसे, म्हणून त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

*

धनश्री आवारी संघाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. डोळे कोरडे, पाठ ताठ. शेजारून शिपाई गेला, त्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं. मामांनी ते पाहिलं. एका दुपारीत माणूस असं परकं होतं. उद्या तक्रारीत नाव आलं की तालुक्यात कोण दारात उभं करणार हिला?

"मला मशीन बघू देत नाहीत," ती म्हणाली. "फोटोही दाखवले नाहीत. नुसतं म्हणतात, तूच केलंस."

"सॉफ्टवेअर मशीनवर बसवणारा तुझा इन्स्टॉलर काय करतो, ते मामांना समजेल असं सांग."

"आधी जुनी यादी एका साध्या फाइलमध्ये उतरवून ठेवायची, 'जुना' नावाच्या. हे हाताने. मग इन्स्टॉलर ती फाइल वाचतो, शेवटी धारोष्णचा पत्ता जोडतो आणि यादी परत जागेवर ठेवतो."

"हाताने का? आपोआप होत नाही?"

"होतं ना. पण केंद्रांवरच्या मशीन जुन्या आहेत. यादी लांब असली की आपोआप उचलताना तिची शेपटी तुटते आणि कुणाला कळतही नाही. मी इथे ऑफिसच्या जुन्या मशीनवर करून पाहिलं होतं. म्हणून म्हटलं, एकदा माणसाच्या डोळ्यांखालून जाऊ दे. काही बिघडलंच तर मूळ प्रत त्या फाइलमध्ये राहील."

मामांनी मान डोलावली. घाईत असलेल्या साहेबाची नोकरी करणारी मुलगी न बघितलेल्या मशीनची एवढी काळजी घेते, याचं त्यांना कौतुक वाटलं.

"यादी लांब म्हणजे पानभर?"

"नाही हो. कितीही लांब असली तरी ओळ एकच."

संस्कृतीने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"उतरवून कुणी घेतलं?"

"करणने. करण हासे, केंद्रांवर फिरून मशीन बघतो तो. त्याने लिहून दिलंय, सगळीकडे स्वतः गेलो, सगळीकडे एकसारखंच केलं. म्हणून तर दोष माझ्याकडे आला. हात एक, कृती एक, मग फरक सॉफ्टवेअरमध्येच असणार, नाही का?"

"बरोबर," संस्कृती म्हणाली. "हात एक असेल तर."

*

करण हासे नव्या शर्टात होता. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.

"मॅडम, मी बाईकवर घाट चढून गेलो. धुकं म्हणजे काय, हात दिसत नव्हता."

"तळ्याच्या वाडीच्या केंद्रावर, आक्काबाईंकडे पण?"

"सगळ्यात आधी तिथंच."

"मशीन कुठे ठेवलीय त्यांनी?"

"टेबलावर. मशीन कुठं असती?" तो हसला.

"यादी उतरवताना फाइलमध्ये आणखी काही लिहिलंस?"

"छे. चिकटवली, सेव्ह केली, उठलो. इमानदारीत सांगतो मॅडम, धनश्रीताईंचं वाईट व्हावं असं मला मुळीच वाटत नाही."

हे वाक्य बोलताना तो पहिल्यांदा खरा वाटला, असं मामांना वाटलं. पण मामांना पुष्कळच लोक खरे वाटत.

*

कल्याण शेटेचं दुकान अकोले नाक्यावर होतं. धारोष्णच्या आधी संघाचं सॉफ्टवेअर त्याचं होतं. नुकतंच ते काढून टाकल्यामुळे त्याचा चेहरा दुखावलेल्या जावयासारखा झाला होता.

"आलात? मला वाटलंच होतं. दूध नासलं की शेट्याकडं बोट."

"तुमचं काढलं, याचा राग असेल ना?" संस्कृतीने विचारलं.

"आहे की! पण मशीन मारून मला काय मिळणार? मशीन दुरुस्तीचं काम अजून माझ्याकडंच आहे. आधीच डोक्याला ताप कमी आहे का? लोकांना मराठीत पावती पाहिजे म्हणून मराठी टायपिंग टाकून दिलं. तर म्हणे, साध्या फाइलमध्ये मराठी सेव्ह केलं की पुसून जातं. अरे, मशीन जुन्या आहेत! सेव्ह करताना ती इंग्रजीत विचारते, अक्षरं जातील, चालेल का? हे वाचतात कुठं? होय म्हणतात. पुन्हा उघडलं की बोंब."

"आणि आज सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"इथंच. सगळी केंद्रं मलाच फोन करत होती. नवं लग्न त्यांचं, रडायला जुनी बायको."

मामा खो खो हसले. संस्कृतीही हसली, पण तिचे डोळे दुसरीकडे होते. भाचीचे डोळे असे झाले की मामा हॉर्नसुद्धा हळू वाजवत.

*

अकोल्याच्या पुढे रस्ता वळणं घेऊ लागला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, वर ढगात गेलेले डोंगर. निकिता मंडलिकचं केंद्र रस्त्यालाच लागलं. बाहेरच्या फळ्यावर नुसते आजचे भाव लिहिलेले, आत मशीन सुरळीत चालू.

"धनश्री तुझी मैत्रीण ना?" संस्कृतीने विचारलं.

"वर्गात होती. मैत्रीण कसली? प्रॅक्टिकलला बाजूला बसायची आणि माझी चूक सरांच्या आधी मलाच दाखवायची." निकिता हसली. "तेव्हा लई राग यायचा. आता वाटतं, बरं झालं."

"करण आला होता काल?"

"कुठला येतोय! फोनवर सांगितलं त्यानं. नवीन फाइल उघडा, यादी चिकटवा, सेव्ह करा. चहा उकळायच्या आत झालं."

गाडीत बसताच मामांनी स्टिअरिंगवर हात आपटला. "सापडला! करण खोटं बोलला!"

"बोलला. पण मामा, निकिताचंही फोनवरच झालं, आणि तिचं मशीन चालू आहे. म्हणजे तो खोटं बोलला, पण बिघाड फोनमुळे झालेला नाही."

मामांचा उत्साह बिस्किटासारखा बुडाला.

तिने बोरवंडच्या केंद्राला फोन लावला. ते श्रीमंत आवारी नावाचे गृहस्थ चालवत. त्या भागात निम्मं गाव आवारी, त्यामुळे धनश्रीशी नातं काही नाही. फोन स्पीकरवर होता.

"काका, संस्कृती वर्पे बोलतेय संगमनेरहून. काल करण आला होता?"

"न्हाई, फोनच आला त्याचा. मी केलं हळूहळू."

"बरं. माझा नंबर लिहून घेता का? काही आठवलं तर कळवा."

"थांबा, कागुद घेतो." कागदाचा आवाज, मग पुटपुटणं. "हं... गनेशाय नमः... सांगा आता नंबर."

नंबर देऊन होईपर्यंत मामांनी व्हॅन कडेला घेतली होती. मामींना निरोप द्यायचा होता. 'श्रीमंतांकडे जेवतो' असं त्यांनी टाइप केलं.

"मामा, आपण बोरवंडला जात नाही आहोत. गरज नाही आता."

"मग आधी सांगायचं ना! आता हे सगळं खोडा." मामा बोटाने खोडू लागले. "हे बघ, शेवटचा 'श्री' राहिला. एक अक्षर, आणि चारदा दाबावं लागतं. वेलांटी जाते, मग र जातो, मग पाय मोडायची खूण, मग कुठं तो श. डोक्याला ताप."

संस्कृतीने त्यांच्याकडे असं पाहिलं की मामांना वाटलं, आपल्या शर्टाला काही लागलंय.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही फार मोठे आहात."

"कुठं?" त्यांनी शर्ट पाहिला.

*

आक्काबाई वर्पे. आडनाव तेच निघालं म्हणून आधी माहेरची चौकशी झाली, मग चहा आला, मग काम.

तळ्याच्या वाडीचं केंद्र त्यांच्या घराच्या पडवीत होतं. फळा दारात. मशीन मात्र कुठे दिसेना.

"कपाटात हाय," आक्काबाईंनी लोखंडी कपाट उघडलं. आत वरच्या कप्प्यात मशीन. "गेल्या आठवड्यात उंदरांनी वायर कुरतडली. म्हटलं, आता ऱ्हा कुलपात."

मामांना टेबलावरची मशीन आठवली आणि ते करणच्या नावाने मनातल्या मनात काही बोलले.

"काल करण आला होता ना?"

"व्हय. म्हंजी... आल्यासारखाच." आक्काबाईंनी पदर सारखा केला. "लई गुनी पोरगं हाय बाई ते."

"आक्का, आपण एका आडनावाच्या. खरं सांगा. एका मुलीची नोकरी जाईल, पोलिसांत नाव जाईल."

आक्काबाईंचा चहाचा हात थांबला. "कुनाची?"

"हे सॉफ्टवेअर जिने केलं तिची."

"अगं बाई! मला वाटलं, त्या करनलाच ओरडा बसंल." त्या खाली बसल्या. "फोनवर सांगितलं त्यानं. म्या केलं. समदं नीट केलं बघ. त्यो म्हनला, नवीन पान उघडा. उघडलं. यादी उतरवा. उतरवली. सेव्ह करताना मशीननं इंग्रजीत कायतरी इचारलं, मी व्हय म्हनलं. माझ्यामुळं झालं का?"

"तुमच्यामुळे काही बिघडलेलं नाही. एक काम करा. संध्याकाळी दुधाला कोण कोण येतं, दोन-चार नावं मला लिहून द्या."

आक्काबाईंनी कोरा कागद घेतला, मांडीवर ठेवला आणि लिहिलं. संस्कृतीने कागद घेतला, नावांकडे न पाहताच घडी घातली आणि आबासाहेबांना फोन लावला.

"सगळ्यांना घेऊन तळ्याच्या वाडीला या. धनश्री आणि करण, दोघांनाही. आणि घाई करा. तुम्हाला ती चांगली जमते."

*

संघाची जीप आली तेव्हा पडवीबाहेर किटल्या मांडायला सुरुवात झाली होती. बाया, बाप्ये, सायकलला कॅन लटकवलेला एक म्हातारा. सगळे पडवीत डोकावत होते. टँकर खालच्या फाट्यावर येऊन थांबल्याचा निरोप आला.

आबासाहेब एकमेव खुर्चीवर बसले. करण दाराला टेकला. धनश्री कपाटातल्या मशीनसमोर उभी राहिली, पण तिने हात लावला नाही. लावू का, असं कुणालातरी विचारायला हवं, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

"सांगा," आबासाहेब म्हणाले. "कोण आहे?"

"आधी कोण नाही ते सांगते," संस्कृती म्हणाली. "कल्याण शेटे नाही. केंद्रं बंद पडली की तापाचे फोन त्याच्याच दुकानात वाजतात. धनश्री नाही. मैत्रिणीला वाचवायचं म्हणावं, तर निकिता आणि ती मैत्रिणी नाहीत. आणि जिला गुपचूप घात करायचा आहे ती मीटिंगमध्ये बोललेला शब्द पुराव्याला मागे ठेवील?"

"मग ती प्रश्नचिन्हं?"

"तुम्ही ती प्रश्नचिन्हं म्हणून वाचलीत, तिथेच वाट चुकली. ती प्रश्नचिन्हं नाहीत. मशीनला जे अक्षर ठेवता येत नाही त्याच्या जागी ती प्रश्नचिन्ह ठेवते. कल्याण आम्हाला हेच सांगत होता, पण तक्रारीच्या सुरात. साध्या फाइलमध्ये मराठी लिहा, ती इंग्रजीत विचारेल, होय म्हणा, मराठी गेलं. म्हणजे या चार चिन्हांच्या जागी आधी मराठीत काहीतरी लिहिलेलं होतं."

"काय?"

"बोरवंडच्या फोटोने सांगितलं. चार, मग जागा, मग सहा, मग जागा, मग तीन. घात करणारा माणूस चिन्हांत जागा सोडत नाही. जागा शब्दांत असते. तीन शब्द, आणि पहिला शब्द बाकीच्या चार केंद्रांवर एकटाच. मामा, मोबाईल काढा. तुम्ही आज दुपारी काय खोडत होता ते सगळ्यांना खोडून दाखवा."

मामांनी चष्मा लावला. पडवीतल्या सगळ्यांसमोर त्यांनी 'श्री' टाइप केलं आणि एसटीच्या पुकाऱ्याच्या आवाजात एकेक सांगत खोडलं. "वेलांटी! र! पाय मोडलेला! आणि श!"

"चार," सायकलवाला म्हातारा म्हणाला.

"आपल्याला अक्षर एक दिसतं, मशीन त्याचे तुकडे मोजते. आता 'गणेशाय'. ग, ण, मात्रा, श, काना, य."

"सहा," दोन-तीन बाया एकदम म्हणाल्या.

"नमः. न, म, विसर्ग."

कुणी मोजलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. आबासाहेबांचा हात नकळत छातीशी गेला.

"आक्काबाई, तुम्ही नवीन पान उघडलंत तेव्हा सगळ्यात आधी काय केलंत?"

"काय म्हंजी?" आक्काबाईंना प्रश्नच कळेना. "श्री घातला. कोऱ्या पानावर आधी श्री न्हाई घालायचा तर काय घालायचं?"

संस्कृतीने घडी घातलेला कागद उघडून आबासाहेबांच्या हातात दिला. वर मधोमध श्री, मग नावं.

"इतकी हाताची सवय, की ते काही 'लिहिलं' असं त्यांना वाटतच नाही. म्हणून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. बोरवंडचे काका माझा मोबाईल नंबर घेतानाही अख्खं गणेशाय नमः घालतात. निकिता घालत नाही, तिच्या फळ्यावर थेट भाव असतात. म्हणून तिचं मशीन चालू राहिलं."

"पण श्री घातल्यानं मशीन मरंल?" आबासाहेबांचा आवाज आता बराच खाली आला होता.

"मरणार नाही, जर..." संस्कृती धनश्रीकडे वळली. "तू मला सांगितलंस, यादी कितीही लांब असो, ओळ एकच. तुझा इन्स्टॉलर त्या फाइलमधून किती ओळी वाचतो?"

धनश्रीने कपाळावर हात मारला. आवाज पडवीभर ऐकू आला.

"पहिली! फक्त पहिली ओळ वाचतो. पहिल्या ओळीवर श्री, यादी दुसरीवर. त्याने श्री उचलला, त्याला माझा पत्ता जोडला आणि तेवढंच परत ठेवलं." ती आबासाहेबांकडे वळली. "साहेब, चूक माझीच आहे."

"यादी एका ओळीची असते," संस्कृती म्हणाली, "पण आपल्याकडे पान एका ओळीचं कधीच नसतं. एवढंच तुला दिसलं नाही. आणि ते दिसलं असतं, जर खालच्या गावांत करणने स्वतः जाऊन केलं आणि इथे फोनवर सांगून केंद्रवाल्यांकडून करून घेतलं, हे तुला कुणी सांगितलं असतं. काय करण? मुलगी कुठली?"

करण दारापासून सुटला. "क-कुठली मुलगी?"

"नवा शर्ट. भर दिवसा घाटात जायला वेळ नाही. आणि आक्काबाई तुझ्यासाठी खोटं बोलायला तयार होतात, ते एकाच कारणासाठी."

"त्याचं लगीन जमतंय," आक्काबाई कळवळून म्हणाल्या. "मला फोनमधी बशांचा आवाज येत हुता. म्हटलं, पोरगी बघायला गेलंय, कशाला सांगा कुनाला."

"राहुरीची आहे," करण मान खाली घालून म्हणाला. "सकाळी सगळं बंद पडलं आणि मी घाबरलो. म्हटलं, गेलो होतो असं सांगावं. ताईंवर जाईल असं... ताई, मला खरंच वाटलं नव्हतं."

"नंतर," धनश्री म्हणाली. तिची पाठ पुन्हा ताठ झाली होती. "साहेब, मशीनला हात लावू?"

आबासाहेबांनी खुर्ची सोडली आणि ती कपाटापुढे ओढून दिली. "बसा, आवारी मॅडम."

सकाळपासून ती त्यांच्या तोंडी 'पोरगी' होती. मामांनी हा फरक टिपला.

तिने 'जुना' नावाची फाइल उघडली. वर चार प्रश्नचिन्हं. खाली, अक्षरही न हललेली, अख्खी यादी.

"बघा साहेब," ती हळूच म्हणाली. "आक्कांनी एकही पत्ता गाळलेला नाही. काही हरवलंच नव्हतं."

तिने दुसरी ओळ उचलून पाथच्या चौकटीत ठेवली, शेवटी अर्धविराम देऊन धारोष्णचा पत्ता जोडला, मशीन बंद करून पुन्हा चालू केली. आक्काबाईंनी पहिली किटली काट्यावर ठेवली. पडद्यावर आकडे पळाले, थांबले, आणि प्रिंटरने पावतीची जीभ बाहेर काढली.

"आलं!" सायकलवाला ओरडला. "सरका, सरका, माझा नंबर हाय."

बाकीच्या चारपैकी तीन केंद्रांना धनश्रीने तिथूनच फोनवर सांगून दुरुस्त केलं. करण जीप घेऊन बोरवंडला गेला, कारण श्रीमंतकाकांना फोनवर अर्धविराम सापडेना. टँकर फाट्यावरून हलायच्या आत पाचही काटे चालू होते.

आणि मग, दूध मोजलं जात असताना, मामांनी एक गोष्ट पाहिली जी त्यांनी पुढे मामींना तीनदा सांगितली. ती मुलगी कपाटातल्या मशीनकडे पाठ करून स्वतःच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर दुरुस्त करत होती. आता तो पहिली ओळ डोळे झाकून उचलणार नव्हता. सगळ्या ओळी वाचणार, त्यातली पत्त्यासारखी दिसणारी तेवढी घेणार, आणि यादी आधीपेक्षा आखूड झाली तर काहीही न बदलता थांबून विचारणार. मराठीत. सगळ्यात शेवटी तिने सूचनेच्या खिडकीत एक वाक्य घातलं आणि आक्काबाईंना वाचायला बोलावलं.

"पहिली ओळ श्रींची," आक्काबाईंनी बोट ठेवून वाचलं. "यादी दुसऱ्या ओळीपासून उतरवा." त्यांनी वर पाहिलं. "आता कसं! असं आधी सांगितलं असतं तर म्या तसंच केलं असतं की."

"तुम्ही तसंच केलं होतं, आक्का," धनश्री म्हणाली.

आबासाहेब दाराशी उभे होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात तक्रारीचा टाइप केलेला कागद होता, त्याचं टोक वर आलेलं दिसत होतं. त्यांनी तो आत ढकलला, मग बाहेर काढला, फाडला आणि तुकडे कुठे टाकावेत ते न कळून मुठीत धरून राहिले.

"वर्पे मॅडम," ते म्हणाले, "तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?"

"तुमच्या मोबाईलवर. रिकाम्या जागेने. पण खात्री मामांनी करून दिली."

मामांनी नम्रपणे चष्मा पुसला. आपण नेमकं काय केलं, हे घाट उतरल्यावर विचारायचं त्यांनी ठरवलं.

*

या सगळ्याच्या आधी, मार्च महिन्यात, धनश्री आवारीने डोंगराकडची सहा केंद्रं एकदा पाहून येण्यासाठी संघाकडे गाडी मागितली होती. ती मिळाली नव्हती.